तिसऱ्या तासाचा धूर

"घासू नकोस. लावलं की हात मोकळा सोड आणि विसरून जा. वास आपल्या पायांनी येतो, त्याला ओढून आणायचं नसतं."

भाऊजींनी मला शिकवलेलं हे पहिलं वाक्य अजून तसंच्या तसं कानात आहे. माझे थोरले दीर ते. तीस वर्षं परफ्यूम बनवतात. खाली त्यांची कामाची खोली, वर आमचं घर. माझे यजमान गेल्यापासून मी भाऊजी आणि जाऊबाईंजवळच राहते. त्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं, माझ्या डाव्या मनगटावर काचेच्या कांडीनं एक थेंब टेकवला आणि मी उजवं मनगट त्यावर घासणार तोच हात धरून थांबवलं. मग खुर्चीत बसले आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "आता कसला वास येतो ते तू मला सांगायचं. मला येत नाही."

"सर्दी झालीय का?"

"सर्दी गेली, तापही गेला. जाताना नाक घेऊन गेला." दार नीट लागलंय ना, ते त्यांनी पाहिलं. "चार महिने झाले. कॉफी, फिनेल, स्पिरिट, सगळं पाणी. कुणाला बोलायचं नाही. हिलासुद्धा नाही."

हिला म्हणजे माझ्या जाऊबाईंना. मी मान हलवली, पण त्यांना तेवढं पुरलं नाही. "शब्द दे," म्हणाले. मी दिला.

त्यानंतरचे आठ महिने मी त्यांचं नाक होते.

माझे नेम थोडे आहेत, पण ते मोडत नाही. पाचला उठायचं, आंघोळ करायची, देवापुढे दिवा लावायचा आणि साडेआठपर्यंत जप आणि मौन. उठल्याउठल्या एक संकल्प सोडायचा की आजचा दिवस खोटं बोलणार नाही. उद्याचं उद्या बघू. असा एकेक दिवस धरून अकरा वर्षं झाली. जाऊबाई म्हणतात, "हिचं तोंड म्हणजे बँकेतला लॉकर. दोन किल्ल्या लागतात, आणि दुसरी देवाकडे." भाऊजींना मात्र माझे नेम सोयीचेच वाटले. साडेपाचला थेंब लावायचा. पुढे तीन तास खाणं नाही, बोलणं नाही, स्वयंपाकघर नाही, साबण-पावडर नाही. "असं मनगट शोधून सापडायचं नाही," ते म्हणाले. मला बरं वाटलं. आता वाटतं, ते बरं वाटणंच नडलं.

चामड्याच्या परफ्यूमचं काम आलं ते पट्टेवाल्या बाईंकडून. बाईंचा पट्टे आणि पिशव्या शिवायचा छोटा कारखाना आहे. आपल्या दुकानात आपल्याच नावाचा परफ्यूम ठेवायचा, आणि तो चामड्याचाच, असं त्यांच्या मनात होतं. मला आधी संकोच वाटला. कातड्याचा वास अंगाला लावून देवापुढे कसं बसायचं? भाऊजी हसले. "वेडाबाई, चामड्याच्या परफ्यूममध्ये चामडं नसतंच. ती सगळी नक्कल असते." त्यांनी एकेक बाटली पुढे केली. झाडाची साल भाजून काढलेलं काळं डांबर, त्यातून धूर येतो. एक हिरवट कडू अर्क, देठ मोडल्यावर येतो तसा. राळ. एका कंदाची पूड, तिनं सगळं मऊ होतं. आणि वर, आल्यागेल्याचं स्वागत करायला, संत्र्याच्या सालीचं तेल. बाटल्या ते रंगावरून आणि चिठ्ठीवरून ओळखत होते. झाकण उघडलं की सवयीनं नाकाशी न्यायचे, आणि मग हात तसाच खाली यायचा. मी दुसरीकडे बघायची.

तो परफ्यूम अंगावर कसा चालतो, ते मी वहीत तासातासानं लिहायची. पहिली दहा मिनिटं संत्र्याची कडवट साल. ती उडाली की नव्या बुटांचा खोका उघडल्यासारखं, जरासं शाईकडे झुकणारं. तासाभरानं कडा बोथट होतात आणि जुन्या पिशवीच्या आतलं, पोटाकडचं मऊ चामडं पुढे येतं. दोन तासांनी पूड, ऊब. आणि मग मी लिहिलं, "तिसरा तास: धूर वर येतो. जास्त आहे."

भाऊजींनी डांबर निम्मं केलं. पुढच्या मिश्रणाला मी पुन्हा लिहिलं, तिसरा तास, धूर जास्त. त्यांनी पुन्हा निम्मं केलं. पुन्हा धूर. "चिवट आहे पठ्ठ्या," ते कौतुकानं म्हणाले. सहाव्या वेळी मिश्रणात डांबर नावालाच राहिलं होतं, आणि मी लिहिलं, "धूर आता बेताचा. वात नुकतीच विझवल्यासारखा. गोड वाटतो." त्या ओळीखाली त्यांनी लाल शाईनं रेघ मारली. हेच पक्कं, म्हणाले. पट्टेवाल्या बाईंना दोनदा पुढची तारीख दिली होती; आता तिसऱ्यांदा बोलावलं. दुपारी तीन वाजता येऊन त्या होकाराची सही करणार, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या भांड्यात मिश्रण चढणार.

त्या दिवसाची सकाळ अशी उजाडली.

आदल्या संध्याकाळी काचेची नळी फुटून माझा उजवा अंगठा कापला होता. पट्टी बांधलेली. रोज मी दिव्याची वात दोन बोटांच्या चिमटीत धरून विझवते, फुंकर मारत नाही. त्या दिवशी चिमटी जमेना, म्हणून दिव्यावर छोटी वाटी पालथी घातली. साडेआठ झाले होते. बाही वर करून मी मनगट नाकाशी नेलं.

धूर नव्हता.

धूर नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं. होतं ते गुळगुळीत, पोकळ, गोडसर. नव्या मोटारीची सीट उन्हात तापल्यावर येतो तसलं. देवा, माझंही नाक गेलं? धावत स्वयंपाकघरात गेले, कॉफीचा डबा उघडला. कॉफी कॉफीच होती. फिनेलची बाटली उघडली, ठसका लागला. नाक धड होतं. मग मी उजव्या हाताची बोटं हुंगली, आणि काहीतरी आत हललं.

जाऊबाई दूध तापवत होत्या. मी हात त्यांच्यासमोर धरला. "ताई, याला कसला वास येतो?"

"औषधाचा. पट्टी बांधलीय ना."

"आणि रोज कसला येतो?"

"रोज होय? विझलेल्या वातीचा. तू जवळून गेलीस तरी कळतं." त्यांनी गॅस बारीक केला. "का गं? आज एकदम नाकानं कांदे सोलायला कुठे निघालीस?"

मी तिथंच स्टुलावर बसले. रोज साडेआठला वात चिमटायची, त्याच बोटांनी डावी बाही सारायची आणि मनगट हुंगायचं. बाटलीत धूर नव्हताच कधी जास्त. तो माझ्या बोटांचा होता. माझ्या देवाच्या दिव्याची काजळी मी सहा वेळा वहीत लिहिली होती, आणि भाऊजींनी विश्वासानं बाटलीतला खरा धूर पाच वेळा कापला होता. चामड्यातलं चामडं मीच काढून टाकलं होतं.

कोणत्याही धडधाकट कारागिरानं एकदा हुंगलं असतं आणि म्हणाला असता, काहीतरीच काय लिहिते ही. पण हुंगायला होतंच कोण?

भाऊजींना सांगायला खाली गेले तेव्हा ते बाईंसाठी कागदाच्या पट्ट्या कापत बसले होते. माझं बोलणं संपेपर्यंत कात्री तशीच उघडी राहिली.

"म्हणजे आता वरून छान, आणि खाली काही नाही?"

"वर फार छान आहे. दोन तास. मग नाही."

"नवीन मिश्रण बसायला तीन आठवडे लागतील."

"लागू देत. बाईंना सांगू."

"काय सांगू?" त्यांनी कात्री ठेवली. "चूक झाली, सांगू. बाई विचारतील, सहा वेळा चूक? तुम्ही हुंगलं नाहीत का हो? मग काय बोलू? बोल ना."

मी कापलेल्या पट्ट्या सरळ करत राहिले.

"बाई येतील, हुंगतील, सही करतील, जातील," ते हळू आवाजात म्हणाले, माझ्यापेक्षा स्वतःलाच जास्त. "दोन तासांनी त्या कुठे असणार? कारखान्यात, कातड्याच्या ढिगात. तिथं दगडालासुद्धा चामड्याचा वास येतो. त्यांना कळायचं नाही. मोठ्या भांड्यात चढवताना डांबर वाढवतो मी. अंदाजानं."

"अंदाजानं?"

"मग कशानं?" ते एकदम ओरडले आणि लगेच जिन्याकडे पाहिलं. "तू शब्द दिला आहेस."

"दिलाय. पण मी खोटं बोलणार नाही, भाऊजी."

"खोटं बोल असं कोण म्हणतंय? गप्प बस. ते तर तुला झकास जमतं."

ते लागलं मला. दुपारपर्यंत मनात तेच घोळत राहिलं. गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे, असं मी अकरा वर्षं धरून चालले होते. पण समोरची बाई आपल्या गप्प बसण्यावर विसंबून सही करणार असेल, तर ते काय? आणि बोलले तर भाऊजींची तीस वर्षं? या धंद्यात नाक गेलेल्या माणसाला कोण दारात उभं करणार? जेवण गेलं नाही. जाऊबाईंनी ताटाकडे पाहिलं. "उपास आहे का आज? का चेहराच तसा?"

तीनला पाच मिनिटं कमी असताना पट्टेवाल्या बाई आल्या. बुटक्या, भरभक्कम, बोटांची टोकं रंगानं कायमची काळपट झालेली. खांद्याला स्वतःच्या हातची पिशवी. "अत्तरवाले, आज सही नाही झाली तर मी शेणाचा परफ्यूम काढीन आणि तुमचं नाव देईन," असं म्हणतच त्या बसल्या.

भाऊजींनी पट्टीवर थेंब टाकून पुढे केली. बाईंनी हुंगली, डोळे मिटले, पुन्हा हुंगली. "अगं बाई! हे तर माझं गोदाम आंघोळ करून आलंय."

भाऊजींचा चेहरा उजळला.

"मनगटावर लावून बघा," ते म्हणाले.

"मनगटावर नको. तिथं माझा धंदा बसलाय, कितीही घासलं तरी निघत नाही. तिथं लावलं तर मी परफ्यूम हुंगतेय की स्वतःलाच, ते कळायचं नाही." बाईंनी बाही कोपरापर्यंत सारली आणि कोपराच्या आतली गोरी कातडी पुढे केली. "इथं लावा."

मी जमिनीकडे पाहिलं. जे या बाईंना न सांगता कळलं, ते मला सहा मिश्रणांत कळलं नव्हतं.

थेंब लागला. भाऊजींनी लगोलग होकाराचा कागद काढला, पेन काढलं, टोपण उघडून ठेवलं. इतकी घाई त्यांनी कधी केली नव्हती. तेव्हा माझं तोंड आपोआप उघडलं. "बाई, खरं चामडं कसं ओळखायचं हो?"

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू भिंतीवरच्या घड्याळानंच प्रश्न विचारलाय.

बाई मात्र खुलल्या. "वाकवायचं. खऱ्याला बारीक बारीक सुरकुत्या पडतात, म्हातारीच्या हातासारख्या. रेक्झिनला एकच जाड घडी. नखानं ओरखडा काढायचा, खऱ्यावर राहतो आणि चोळला की विरतो."

"आणि शिलाई? ती यंत्रावरची की हातची, ते कसं कळतं?"

बाईंनी पिशवी उलटी करून शिलाई दाखवली. मग मी मेणाच्या दोऱ्याचं विचारलं. मग आरीचं. मग पट्ट्याला भोकं पाचच का असतात, ते. ("पोट सुटायला तीन, आटायला एक, आणि एक आशेचं," बाई म्हणाल्या.) जाऊबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे हातात घेऊन दारातच उभ्या. "आज लॉकर फुटला की काय?"

भाऊजींनी कागद बाईंपुढे सरकवला. "बाईंना उशीर होतोय."

"हो हो," म्हणत बाईंनी पेन उचललं.

माझे प्रश्न संपले होते. मनात जप चालू होता, पण कुठल्या नावाशी अडलाय तेच कळत नव्हतं. शब्द मोडायचा नव्हता आणि खोटंही बोलायचं नव्हतं. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद बोळ दिसत होता, आणि मी त्यात शिरले.

"बाई, हे वरून फार छान आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. "पण वरचा वास पाहुण्यासारखा असतो. घरात राहतो तो खालचा. सही करायच्या आधी तीन तास थांबाल का? मी विनंती करते."

भाऊजींचे कान लाल झाले. "तिला काय कळतंय, बाई. तुम्हाला कामं असतील."

बाईंनी पेन तसंच हवेत धरून आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं. "कामं तर आहेतच. पण एकदा वाकवून पट्टा कोण घेतं?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पिशवीतून अर्धवट शिवलेला पट्टा काढला, सुईत मेणाचा दोरा ओवला आणि आमच्या खुर्चीवर अगदी आपल्या घरासारख्या बसल्या. "सहा वाजेपर्यंत थांबते. चहा आणखी येणार असेल तर."

ते तीन तास मी जन्मात विसरणार नाही. बाई शिवत होत्या. मध्येच कोपर नाकाशी न्यायच्या आणि मोठ्यानं सांगायच्या, हवामानाच्या बातम्या दिल्यासारखं. साडेतीनला, "संत्रं गेलं. आता नवा बूट." सव्वाचारला, "वा. ही जुनी पिशवी. आतून, खिशाकडून." पाचला, "मऊ झालं. पावडर. बाळाला लावतात तसली." भाऊजी स्वच्छ नळ्या पुन्हा पुन्हा धूत होते. एकदा माझ्याजवळून जाताना त्यांनी ओठ न हलवता म्हटलं, "का केलंस असं?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं. तुम्ही अंदाजानं मोठं भांडं भरलं असतं, भाऊजी. आणि पुढचंही.

साडेपाचला बाईंनी कोपर हुंगलं आणि काही सांगितलं नाही. पुन्हा हुंगलं. पट्टा मांडीवर ठेवला.

पावणेसहाला त्या उठून खिडकीपाशी गेल्या, बाहेरच्या हवेत दोन-तीन श्वास घेतले आणि पुन्हा कोपर नाकाशी नेलं. वळल्या तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. त्या सरळ भाऊजींसमोर आल्या आणि हात पुढे केला. "अत्तरवाले, हे तुम्ही बघा बरं. मला काहीतरी वेगळंच लागतंय."

भाऊजींनी हातातली नळी ठेवली. वाकले, डोळे मिटले, मोठा श्वास घेतला. तीस वर्षांची सवय. बघणाऱ्याला वाटावं, सारं जग नाकात शिरतंय. मग हळूच मान हलवून, माझ्या वहीतल्या शब्दांनी ते म्हणाले, "तिसरा तास. आता धूर वर यायला लागला. वात नुकतीच विझवल्यासारखा."

बाईंचा हात तसाच राहिला.

"धूर?" त्या म्हणाल्या. "यात धूर कुठाय, अत्तरवाले? हे रेक्झिन आहे. शुद्ध रेक्झिन."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी मी त्यांना सांगितलं होतं, धूर नाही म्हणून. पण घाबरलेल्या माणसाला पाठ केलेलंच आठवतं.

"तो धूर माझा होता," मी म्हणाले. एवढं माझं होतं, माझं मी बोलू शकत होते. "मी दिव्याची वात बोटांनी विझवते. त्याच बोटांनी वास घेत होते. सहा वेळा तोच लिहिला. डांबर माझ्यामुळे कमी झालं, बाई. चूक माझी आहे."

बाईंनी ऐकून घेतलं. मग जे विचारू नये म्हणून मी सकाळपासून देवाला आळवत होते, तेच विचारलं. "ताई, तुमचं समजलं. पण आत्ता तर वात नाही, तुमची बोटंही इथं नाहीत. आत्ता यांना धूर कसा आला?"

मी गप्प राहिले. ते गप्प बसणं किती मोठ्यानं वाजत होतं, ते त्या खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं असेल. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या, मी भाऊजींकडे.

"तिला नका विचारू," भाऊजी म्हणाले. खुर्चीत बसले. "तिनं शब्द दिलाय, ती सांगणार नाही. मला नाक नाही, बाई. वर्ष झालं. तापात गेलं."

दारात कपबश्या वाजल्या. तिसऱ्या चहाचा ट्रे घेऊन जाऊबाई उभ्या होत्या.

जाऊबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला, एकही थेंब न सांडता. "वर्ष?" त्या म्हणाल्या. "अहो, वर्ष?"

"अगं..."

"पावसाळ्यात दूध उतू जाऊन जळलं, तुम्ही शेजारी पेपर वाचत होतात. मी म्हटलं, लक्ष नाही. तुम्ही केलेलं ते पांढरं फुलांचं मी लावून आले, तुम्ही मान वर केली नाहीत. मी म्हटलं..." त्यांनी ट्रेवरचे कप उगाच सरळ केले. "मी तेव्हापासून लावायचं सोडून दिलं. आणि तुम्ही रोज ताटावर बसून म्हणत होतात, काय घमघमाट सुटलाय!"

"तुला वाईट वाटू नये म्हणून गं."

"नाक गेलं ते गेलं, अक्कल पण त्याच तापात गेली का?" एवढं बोलून त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू. तुला माहीत होतं."

"हो, ताई."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ती शिक्षा माझी होती आणि मी ती घेतली.

पट्टेवाल्या बाई पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवत होत्या. निघून जातील असं वाटलं. पण त्या परत बसल्या आणि चहा उचलला. "माझ्याकडे कातडं कापणारा आहे, त्याला एका डोळ्यानं दिसत नाही. बोटांनी बघतो. त्याच्यासारखा कापणारा माझ्याकडे दुसरा नाही." एक घोट घेतला. "पण त्यानं पहिल्या दिवशी दारातच सांगितलं. मग मी सुरी हातात दिली. तुम्ही मला तीन वेळा बोलावलंत, अत्तरवाले, आणि माझ्या डोळ्यांत धूळ फेकत होतात."

"हो," भाऊजी म्हणाले.

"या वर्षात आणखी कुणाचं काम केलंत?"

"दोघांचं. साबणवाले आणि शिंपीणबाई."

"त्यांना ठाऊक आहे?"

"नाही."

"त्यांचं बिघडलंय का?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "त्यात धूर नव्हता," मी म्हणाले. "पण मी खात्रीनं सांगू शकत नाही. आता कशाचीच खात्री नाही."

"मग असं करू," बाई म्हणाल्या. "हा कागद कोराच राहू दे. नवीन मिश्रण करा. ताईंनी ते माझ्याकडे येऊन लावायचं, रोज, कोपराच्या आत, आणि माझी माणसंही लावतील. पाच-सहा वेगवेगळ्या कातड्या होतील. पण ते नंतर. आधी त्या दोघांना तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. फोनवर नाही. ते झालं की माझं दार उघडं आहे. नाही झालं, तर मीच सांगेन, आणि मला गोड बोलता येत नाही."

भाऊजींनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. साबणवाले म्हणजे त्यांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. "या माणसाचं नाक म्हणजे सोनाराचा काटा," असं गावभर सांगत फिरणारे. त्यांच्यापुढे जाऊन उभं राहायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

"उद्या जातो," ते म्हणाले. "आधी साबणवाल्यांकडे."

"नक्की?"

"शब्द देतो."

"शब्दाची तुमच्या घरात चैनच आहे," बाई म्हणाल्या, पण हसल्या. जाताना जाऊबाईंच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

त्या रात्री जाऊबाई भाऊजींशी बोलल्या नाहीत. जेवताना मात्र एकदाच म्हणाल्या, "भाजी कशी झालीय?" भाऊजी घास हातात धरून बसले. मग खरं ते सांगितलं. "गरम आहे. मीठ कळतं. बाकी काही नाही." जाऊबाईंनी मान डोलावली, आणि त्यांच्या ताटात लिंबाची फोड वाढली, निदान आंबट तरी कळेल म्हणून.

सकाळी मी जपाला बसले होते. साडेसहाच्या सुमाराला आतल्या खोलीचं दार कुरकुरलं. भाऊजी बाहेर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस ओले करून मागे बसवलेले. मला वाटलं होतं, दहा वाजेपर्यंत टाळतील. मग म्हणतील, आज डोकं दुखतंय. साबणवाल्यांचं दुकान आठला उघडतं, पण ते स्वतः सातलाच येऊन कढई तापवत बसतात, एकटे, कामगार यायच्या आत. भाऊजींनी ती वेळ निवडली होती.

टेबलावर त्यांनी साबणवाल्यांच्या मिश्रणाची वही काढून ठेवली होती. ती छातीशी धरली. एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. जाऊबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, वळल्या नाहीत, पण नळ बंद करून ऐकत होत्या. माझा जप मोडू नये म्हणून भाऊजी बूट हातात घेऊन जिना उतरले, खालच्या पायरीवर बसून घातले, नाड्या दोनदा बांधल्या. मग दार अलगद ओढून घेतलं आणि साबणवाल्यांच्या गल्लीच्या दिशेनं चालू लागले.